दोन रात्रींमधली सात वर्षे : सारा सिडन्सचा नकार आणि पुनरागमन

१७७६ सालच्या उन्हाळ्यात बर्मिंगहॅमच्या नाटकगृहात काम करणाऱ्या एकवीस वर्षांच्या एका नटीला लंडनहून पत्र आले. पत्र मालकाने लिहिलेले नव्हते. ते ड्रुरी लेन नाटकगृहाच्या प्रॉम्प्टरचे होते आणि त्यातला मजकूर एवढाच, की येत्या हंगामात आपल्या सेवेची आवश्यकता नाही. विंगेत पोथी धरून उभा राहणाऱ्या माणसाकडून, तेही टपालाने, तिला हा निरोप मिळाला. पदरात दोन मुले, नवरा बेताच्या वकुबाचा नट आणि लंडनला परतण्याच्या भरवशावर बांधलेले सगळे बेत. ही नटी म्हणजे सारा सिडन्स. पुढे हिनेच लेडी मॅक्बेथ ही भूमिका अशी काही वठवली की त्यानंतरच्या शंभर वर्षांत इंग्रजी रंगभूमीवर ती भूमिका करणाऱ्या प्रत्येक स्त्रीला हिच्या सावलीशी झगडावे लागले.

हा पुढचा भाग आपल्याला ठाऊक असल्यामुळेच आधीचा भाग नीट वाचणे अवघड होते. यशस्वी माणसाच्या पूर्वायुष्यातले अपयश आपण नेहमी उलट्या दिशेने वाचतो. शेवट माहीत असल्याने मधला अंधार आपल्याला खरा वाटत नाही. नकार देणारे आंधळे होते, नाकारली गेलेली व्यक्ती मुळातच थोर होती आणि काळाने न्याय केला, अशी एक सोयीची कथा तयार होते. नाट्यशिक्षणाच्या वर्गात आणि ऑडिशनमध्ये डावलल्या गेलेल्या मुलांची समजूत काढताना ही कथा फार उपयोगी पडते. पण तिच्यातला इतिहास तपासून पाहिला तर हाती लागते ते अधिक अडचणीचे आणि माझ्या मते अधिक उपयोगाचे असते.

\*

सारा केम्बल हिचा जन्म ५ जुलै १७५५ रोजी वेल्समधल्या ब्रेकन गावी, 'शोल्डर ऑफ मटन' नावाच्या खाणावळीत झाला. वडील रॉजर केम्बल हे फिरत्या नाटक कंपनीचे चालक. आपल्याकडच्या नाटक मंडळ्यांचे बिऱ्हाड जसे गावोगाव हलत असे, तसेच या कुटुंबाचे होते. गावात उतरायचे, मिळेल त्या कोठारात किंवा खाणावळीच्या अंगणात रंगमंच उभारायचा, पोरांनासुद्धा कामे द्यायची आणि गर्दी ओसरली की पुढच्या गावाची वाट धरायची. सारा लहानपणीच रंगमंचावर उभी राहिली. कंपनीतल्याच विल्यम सिडन्स या नटावर तिचे मन बसले तेव्हा आईवडिलांनी विरोध केला, आणि काही काळ तिला वॉरिकशायरमधल्या एका सरदार घराण्यात कामाला धाडण्यात आले. अखेर नोव्हेंबर १७७३ मध्ये दोघांचे लग्न झाले.

पुढच्याच वर्षी चेल्टनममध्ये घडलेला एक प्रसंग या साऱ्या कहाणीची नांदी ठरावा असा आहे. टॉमस ऑटवेच्या 'व्हेनिस प्रिझर्व्हड्' या शोकनाट्यात ती बेल्व्हिडेराचे काम करणार होती. हवापालटासाठी आलेली बडी मंडळी त्या रात्री, गावंढळ कंपनीची थट्टा करण्याच्या इराद्याने, प्रेक्षागृहात बसली होती, हे तिच्या कानांवर आले होते. प्रयोग चालू असताना त्या बाजूने चमत्कारिक आवाज येऊ लागले. ते आपल्याला हसत आहेत अशी तिची खात्री झाली आणि ती खचून घरी गेली. दुसऱ्या दिवशी उलगडा झाला. ते हसू नव्हते, हुंदके होते. रडून रडून त्या स्त्रियांची डोकी दुखू लागली होती. त्या मंडळींतल्या एका उमरावाने पुढे तिचे नाव लंडनला डेव्हिड गॅरिक याच्यापर्यंत पोहोचवले.

प्रेक्षकांचा प्रतिसाद नटाला रंगमंचावरून नीट ऐकू येतोच असे नाही, ही गोष्ट इथे लक्षात ठेवण्यासारखी आहे. आपण पडलो की चढलो याचा निवाडा नट स्वतः करतो तेव्हा त्याच्याइतका अविश्वसनीय साक्षीदार दुसरा नसतो.

\*

आजच्या अर्थाने 'ऑडिशन' हा प्रकार अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये नव्हता. बंद खोलीत चार परीक्षकांपुढे दोन उतारे म्हणून दाखवायचे आणि निकालाची वाट पाहायची, असे नसे. चाचणी दोन टप्प्यांत होई. पहिल्या टप्प्यात लंडनच्या मालकाचा माणूस गुपचूप गावी येऊन नटाचे काम पाहून जाई. दुसरा टप्पा थेट लंडनच्या प्रेक्षकांसमोर, तिकिटे विकून लावलेल्या खेळात पार पडे. म्हणजे चाचणी आणि प्रयोग एकच. त्यात उतरलेल्या नवख्याला निकाल रात्रीच कळे आणि दुसऱ्या दिवशी तो वृत्तपत्रांत छापूनही येई.

शिवाय दारे मोजकीच होती. १७३७ च्या परवाना कायद्याने लंडनमधले गद्य नाटक ड्रुरी लेन आणि कॉव्हेंट गार्डन या दोन सनदी नाटकगृहांपुरते जवळजवळ बांधून टाकले होते. हेमार्केटला मुभा होती ती उन्हाळ्यापुरती. दोहोंपैकी एकाने नाकारले म्हणजे निम्मी राजधानी बंद झाली, आणि तिथल्या अपकीर्तीची वार्ता दुसऱ्याकडे पोहोचायला एक संध्याकाळ पुरे असे.

गॅरिकने पहिला टप्पा काळजीपूर्वक पार पाडला. आपल्या कंपनीतला मुरलेला नट टॉमस किंग याला त्याने चेल्टनमला पाठवले. पुढे ऑगस्ट १७७५ मध्ये हेन्री बेट हा पाद्री-पत्रकार तिथे गेला आणि त्याने तिला 'अॅज यू लाइक इट'मधल्या रोझलिंडच्या भूमिकेत पाहिले. कोठारवजा जागा, जेमतेम चार पावले टाकता येतील एवढा रंगमंच आणि नायिका गरोदर, अशा अवस्थेतही तिचा चेहरा आणि तिची समज त्याच्या डोळ्यांत भरली. त्याने गॅरिकला अनुकूल अहवाल धाडला. ५ नोव्हेंबर १७७५ रोजी ग्लॉस्टर येथे साराला मुलगी झाली. त्यानंतर आठ आठवडेही उलटले नव्हते तेव्हा, २९ डिसेंबरला, ती ड्रुरी लेनच्या रंगमंचावर पोर्शिया म्हणून उभी राहिली. हस्तपत्रकात तिचे नावही नव्हते. 'एक तरुणी, प्रथमच' एवढाच उल्लेख होता.

ती पडली.

त्या रात्रीची जी वर्णने उपलब्ध आहेत ती एकमेकांशी बरीच जुळतात. पाय लटपटत होते. नजर कुठे ठेवावी, पाऊल कुठे टाकावे हे तिला उमगत नव्हते. अंगावरचा पोशाख जुना आणि विटका होता. आवाज कापत होता आणि वाक्याच्या अखेरीस तो इतका खाली जाई की शब्द मागच्या रांगांपर्यंत पोहोचत नसत. देखणेपणाची दखल बहुतेकांनी घेतली. देखणेपण होते, पण नटी दिसली नाही, असा एकंदर सूर होता.

पुढच्या महिन्यांत जे काही वाट्याला आले त्याने हा ग्रह पुसला गेला नाही. जानेवारीत बेन जॉन्सनच्या 'एपिसीन' या प्रहसनाच्या नव्या आवृत्तीत तिला नावाची भूमिका दिली गेली. हे नाटक ठाऊक असणाऱ्याला या निवडीतली गफलत लगेच कळेल. ज्या अबोल स्त्रीशी म्हाताऱ्या नायकाचे लग्न लागते ती प्रत्यक्षात स्त्रीवेषातला मुलगा आहे, या अखेरच्या उलगड्यावर सगळे नाटक उभे आहे. जॉन्सनच्या काळी स्त्रियांची सगळी कामे मुलेच करीत, त्यामुळे तो उलगडा प्रेक्षकालाही चकवून जाई. ती भूमिका खऱ्या स्त्रीकडे देताच त्यातली हवाच निघून गेली. स्त्रीपार्टी नटांची परंपरा पाहिलेल्या मराठी वाचकाला हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. काही प्रयोगांनंतर ते काम पुरुष नटाकडे सोपवण्यात आले, पण प्रयोग फसल्याचा डाग मात्र नव्या नटीला लागला. फेब्रुवारीत बेटच्याच एका प्रहसनात ती होती. त्या खेळाच्या वेळी लेखकावरच्या रागाने प्रेक्षागृहात दंगल उसळली. जिच्या नावाची शिफारस त्याने केली होती तिला त्याच्याच शत्रूंच्या आरोळ्या ऐकाव्या लागल्या.

या हंगामातला एक प्रसंग तेवढा हसरा आहे. शेक्सपिअरच्या गौरवार्थ गॅरिकने रचलेल्या 'ज्युबिली' या मिरवणूकवजा खेळात त्याने साराला व्हीनस केले. जुन्या नट्या मुद्दाम तिच्या पुढे उभ्या राहू लागल्या, तेव्हा गॅरिकने स्वतः हाताला धरून तिला आणि तिच्या सोबतच्या चिमुकल्या क्यूपिडला पुढे आणले. तो क्यूपिड म्हणजे चार वर्षांचा टॉमस डिब्डिन. पुढे नाटककार झालेल्या डिब्डिनला त्या रात्री हसरा चेहरा ठेवण्यासाठी साखरगोळ्यांचे आमिष दाखवावे लागले होते, अशी आठवण सांगितली जाते.

गॅरिक निवृत्त होण्याच्या बेतात होता. मे आणि जून १७७६ मध्ये त्याने 'रिचर्ड द थर्ड'चे अखेरचे प्रयोग केले आणि त्यांत लेडी अॅनचे काम साराकडे दिले. त्याची एक सूचना होती. प्रवेशात तिने अशा बेताने उभे राहावे की तिची पाठ प्रेक्षकांकडे होईल आणि त्याचा चेहरा त्यांना पूर्ण दिसेल. भीतीने गांगरून ती हे विसरली. त्या वेळी गॅरिकने टाकलेला कटाक्ष तिला आयुष्यभर पुरला. १० जूनला गॅरिकने रंगभूमीचा निरोप घेतला, नाटकगृह शेरिडन आणि त्याच्या भागीदारांकडे गेले, आणि मग बर्मिंगहॅमला ते पत्र आले.

\*

चूक कुणाची होती?

साराचे स्वतःचे उत्तर आपल्यापाशी आहे. म्हातारपणी तिने आपल्या आठवणी लिहून ठेवल्या आणि टॉमस कॅम्बेल या कवीने १८३४ साली छापलेल्या तिच्या चरित्रात त्यांचा आधार घेतला. तिचे म्हणणे असे, की गॅरिकने तिला पुढे केले ते कंपनीतल्या डोईजड झालेल्या नट्यांना खिजवण्यासाठी. नव्या मालकांकडे शब्द टाकण्याचे त्याने आश्वासन दिले होते, पण प्रत्यक्षात तिच्याविषयी त्याने प्रतिकूलच मत सांगितले, असे तिला शेरिडनकडून कळले.

ही साक्ष फेटाळण्याचे कारण नाही, पण ती कोणत्या वेळी दिली गेली ते पाहायला हवे. लिहिणारी स्त्री कीर्तीच्या शिखरावरून उतरलेली आहे, ज्याच्यावर आरोप आहे तो जानेवारी १७७९ मध्येच वारला आहे आणि सांगोवांगीचा दुवा असलेला शेरिडन तिची मिळकत वर्षानुवर्षे थकवण्याबद्दल कुप्रसिद्ध आहे. स्वतःवरचा दोष दुसऱ्याकडे सरकवणे हे शेरिडनला अवघड नव्हते. आणि गॅरिकची वागणूक पाहिली तर शत्रुत्वाचा पुरावा तोकडा पडतो. दोनदा माणसे पाठवून त्याने तिला आणवले, व्हीनस केले, निरोपाच्या प्रयोगांत आपल्यासमोर उभे केले. तिच्यात काहीतरी आहे असे त्याला वाटत असावे. ते काय आहे आणि कोणत्या भूमिकेतून बाहेर येईल याचा मात्र त्याला थांग लागला नाही.

दुसरे उत्तर परिस्थितीचे आहे. बाळंतपणानंतरचा अशक्तपणा, प्रथमच इतके मोठे नाटकगृह, भूमिकांची चुकीची निवड, आणि प्रमुख भूमिका ज्यांच्या मालकीच्या मानल्या जात अशा मिसेस येट्स, मिस यंग, मिसेस अॅबिंग्टन यांची मक्तेदारी. हे सगळे खरे आहे. तरीसुद्धा एक गोष्ट उरते. प्रॉम्प्टरचे पत्र वाचताना ती कोणत्या दर्जाची नटी होती? चेल्टनमच्या कोठारातली लोभस मुलगी आणि पुढची शोकनायिका यांच्यात फार मोठे अंतर आहे. ते अंतर तिने अजून कापलेले नव्हते.

याचा सर्वांत चांगला पुरावा तिनेच दिला आहे. लेडी मॅक्बेथविषयी लिहून ठेवलेल्या टिपणात ती विशीतली एक आठवण सांगते. भूमिका पहिल्यांदा करायची होती त्याच्या आदल्या रात्री, घर झोपल्यावर, ती नक्कल पाठ करायला बसली. तोवर तिची समजूत अशी, की शब्द तोंडपाठ झाले म्हणजे काम झाले. भूमिकेचा स्वभाव, तिची घडण हा विचार मनात आला नव्हता. वाचता वाचता खुनाचा प्रवेश आला आणि ती इतकी भ्याली की मेणबत्ती उचलून जिन्यावरून धावत सुटली. आपल्याच वस्त्राची सळसळ तिला पाठलाग करणाऱ्या भुतासारखी वाटली, आणि अंगावरच्या कपड्यांनिशी ती बिछान्यात शिरली. दुसऱ्या दिवशी अर्थातच नक्कल कच्ची होती, आणि त्या शरमेनंतर अभ्यास आयत्या वेळेवर ढकलण्याची सवय तिने सोडली.

या आठवणीत कल्पनाशक्तीची भरती दिसते आणि पद्धतीचा अभावही दिसतो. ड्रुरी लेनवर गेलेली सारा ही अशी होती. तिथल्या परीक्षकांनी तिच्याजवळ काय नाही ते अचूक पाहिले. काय आहे ते पाहण्याइतका वेळ त्यांनी दिला नाही. त्यांचा निर्णय त्या रात्रीपुरता फारसा चुकला नव्हता, हे मान्य केल्याशिवाय पुढच्या सहा वर्षांना अर्थ येत नाही. ती आधीपासूनच थोर असती तर बाथमध्ये तिने काय केले हा प्रश्नच उरत नाही.

\*

पत्राचा आघात मोठा होता. तिची प्रकृती खालावली, आपण आता वाचत नाही अशी धास्ती घरच्यांना वाटली. सुमारे दीड वर्ष हे चालले. मुलांसाठी आपण स्वतःला त्यातून ओढून काढले, असे ती सांगते. या वाक्यात वीरश्री नाही. पोट हातावर होते आणि काम बंद ठेवणे परवडणारे नव्हते, एवढाच त्याचा अर्थ.

सुदैवाने काम होते. लंडनची दारे दोन असली तरी लंडनबाहेर नाटकगृहांचे मोठे जाळे पसरलेले होते आणि तिथले प्रेक्षक राजधानीचा निकाल डोळे झाकून मानीत नसत. बर्मिंगहॅमला तिच्याबरोबर काम करणारा जॉन हेंडरसन हा नट तिच्या गुणांवर लुब्ध झाला आणि बाथच्या मालकाला त्याने तिला घेण्याविषयी लिहिले. ती शिफारस लगेच फळली नाही. मँचेस्टर, लिव्हरपूल अशा मुक्कामांवर ती काम करीत राहिली. मँचेस्टरला तिने हॅम्लेटसुद्धा केला. १७७७ च्या वसंतात यॉर्कच्या टेट विल्किन्सनच्या कंपनीत थोडे दिवस काढले. आणि ऑक्टोबर १७७८ मध्ये ती बाथला दाखल झाली.

बाथ म्हणजे उष्णोदकाचे तीर्थ आणि श्रीमंतांचे विश्रांतिस्थान. लंडनची बडी मंडळी हंगामात तिथे मुक्कामाला असत. १७६८ साली तिथल्या नाटकगृहाला राजसनद मिळाली होती. लंडनबाहेर असा मान मिळालेले ते इंग्लंडमधले पहिले. मालक जॉन पामर याच्या ताब्यात पुढे ब्रिस्टलचेही नाटकगृह होते आणि एकच कंपनी दोन्हीकडे काम करी. दोन गावांत अंतर सुमारे बारा मैल. नट आणि सामान वेळेवर पोहोचवण्यासाठी पामरने वेगवान गाड्यांची जी व्यवस्था बसवली, तिच्याच अनुभवावर त्याने १७८४ साली टपालगाडीची योजना सरकारच्या गळी उतरवली आणि इंग्लंडच्या टपालाचा चेहरा बदलला. त्या गाड्यांतून मधली चार वर्षे सारा सिडन्सची ये-जा झाली.

पगार आठवड्याला तीन पौंड. आल्या आल्या हाती पडली ती बहुतेक विनोदी कामे, कारण चांगल्या शोकभूमिका इतर नट्यांकडे होत्या. तिच्या वाट्याला शोकनाट्ये येत ती गुरुवारची. गुरुवारी गावात नाचाचा मोठा जलसा असे आणि सारे प्रतिष्ठित लोक तिकडे जात. नाटकगृह ओस पडे. म्हणजे जे तिला सर्वांत चांगले येत होते ते तिने रिकाम्या खुर्च्यांपुढे करायचे. तिने ते करीत ठेवले. हळूहळू गुरुवारी नाटकाला जाण्याची टूम निघाली आणि नाचाची गर्दी रोडावली.

या चार वर्षांत तिने काय मिळवले? एक म्हणजे संख्या. ब्रिस्टलचा खेळ संपवून रात्री घरी यायचे, मुलांना निजवायचे आणि मग दुसऱ्या दिवसाची नक्कल घेऊन बसायचे, हा तिचा क्रम होता. आज विनोदी, उद्या करुण, परवा नवे. एकेका भूमिकेचे पुन्हा पुन्हा प्रयोग. लंडनने तिला एका रात्रीत जोखले होते. बाथने तिला शेकडो रात्री दिल्या. दुसरे म्हणजे प्रेक्षागृहाचे माप. कोठार आणि ड्रुरी लेन यांच्या मधल्या आकाराच्या जागेत तिचा आवाज टप्प्याटप्प्याने मोकळा झाला. तिसरे म्हणजे चुकण्याची मुभा. बाथमध्ये एक भूमिका फसली तर तीन दिवसांनी दुसरी करायला मिळे. आणि चौथे, ज्या प्रेक्षकांनी तिला लंडनमध्ये नाकारले होते त्यांच्यापैकीच काही, सुट्टीवर असताना, निवांत मनाने तिला पुन्हा पाहत होते. डेव्हनशायरची डचेस त्यांत होती. नाटककार शेरिडनचे वडील, वक्तृत्वाचे आचार्य टॉमस शेरिडन, हेही तिचे काम पाहून थक्क झाले आणि ज्या नाटकगृहाने तिला पत्राने काढले होते त्याच नाटकगृहाकडे तिच्यासाठी शब्द टाकू लागले.

ड्रुरी लेनचे बोलावणे आले तेव्हा तिने मोठ्या आनंदाने ते उचलले असे दिसत नाही. मे १७८२ मधल्या निरोपाच्या प्रयोगात तिने बाथच्या प्रेक्षकांना सांगितले की आपण का जातो याची तीन कारणे आता समोर येतील. आणि हेन्री, सॅली आणि मरायया या आपल्या तिन्ही मुलांना रंगमंचावर आणून उभे केले. पुढचे मूल तेव्हा पोटात होते. कौशल्याने रचलेला हा प्रसंग होता यात शंका नाही. पण कारण खरे होते.

\*

१० ऑक्टोबर १७८२. नाटकगृह तेच. इथे थोडे थांबले पाहिजे. तिच्या पहिल्या अपयशाचे कारण म्हणून त्या प्रेक्षागृहाच्या विस्ताराकडे बोट दाखवले जाते. पण १७७५ साली अॅडम बंधूंनी नव्याने सजवलेली तीच वास्तू १७८२ मध्येही उभी होती. जागा बदलली नव्हती.

भूमिका या वेळी विचारपूर्वक निवडली होती. टॉमस सदर्नच्या जुन्या नाटकाचे गॅरिकनेच केलेले रूपांतर, 'इझाबेला'. नवरा मेला असे समजून पोराच्या पोटासाठी दुसरे लग्न केलेली आणि पहिला नवरा परत आल्यावर वेड लागून मरणारी स्त्री. टॉमस शेरिडन यांनी ती सुचवली आणि तालमींना ते जातीने हजर राहिले. नाटकातल्या मुलाचे काम साराचा आठ वर्षांचा हेन्री करणार होता. तालमीत आईला मरताना पाहून तो खरोखरीच रडू लागला.

भीती गेली नव्हती. तालमींच्या दिवसांत तिचा घसा बसला आणि सात वर्षांपूर्वीची रात्र पुन्हा समोर उभी राहिली. प्रयोगाच्या सकाळी सूर्य लख्ख निघाला होता आणि आवाज मोकळा होता, ही नोंद तिने कृतज्ञतेने केली आहे. संध्याकाळी वृद्ध वडील तिला नाटकगृहापर्यंत सोडायला आले. नवऱ्याला आत बसून पाहण्याचा धीर झाला नाही. त्या रात्री प्रेक्षागृह हुंदक्यांनी भरून गेले. चेल्टनमला जो आवाज तिने चुकीचा ऐकला होता तो आता ओळखता येत होता. घरी परतल्यावर ती, वडील आणि नवरा साध्या जेवणाला बसले. फारसे कुणी बोलले नाही.

पुढचे सर्वांना माहीत आहे. तिला गॅरिकची कपडे बदलण्याची खोली मिळाली. १७८४ मध्ये जोशुआ रेनॉल्ड्सने तिला शोकनाट्याची देवता म्हणून रंगवले. २ फेब्रुवारी १७८५ रोजी तिने लंडनमध्ये लेडी मॅक्बेथ केली, आणि शिरवाडकरांच्या 'राजमुकुट'मुळे मराठी वाचकाला परिचित असलेला तो झोपेत चालण्याचा प्रवेश तिने नव्याने बसवला. आधीच्या पिढीतली मिसेस प्रिचर्ड या प्रवेशात मेणबत्ती हातातून सोडत नसे. साराने ती खाली ठेवून रक्ताचे डाग धुण्याची क्रिया दोन्ही हातांनी करायचे ठरवले. प्रयोगाला काही मिनिटे उरली असताना स्वतः शेरिडन तिच्या खोलीत शिरला आणि परंपरा मोडू नका म्हणून विनवू लागला. तिने ऐकले नाही. प्रयोगानंतर त्यानेच तिचे अभिनंदन केले.

१७७६ मध्ये मालकाच्या एका कटाक्षाने थरकापलेली मुलगी १७८५ मध्ये मालकाला दारातून परत पाठवते. माझ्या दृष्टीने टाळ्यांपेक्षा हा फरक मोठा आहे. हात मोकळे हवेत असे ती म्हणाली ते हट्टाने म्हणाली नाही. झोपेत चालणारे माणूस काय करील याचा तिने विचार केला होता. ज्या रात्री ती मेणबत्ती घेऊन जिन्यावरून पळाली होती, तिथपासून ही मेणबत्ती खाली ठेवण्यापर्यंतचा रस्ता मँचेस्टर, यॉर्क, बाथ आणि ब्रिस्टलमधून जातो.

\*

या कहाणीचा बोध 'जिद्द ठेवा' एवढाच काढला तर दोन गोष्टींवर अन्याय होतो.

पहिली म्हणजे त्या काळची व्यवस्था. सारा सिडन्सची चिकाटी असामान्य होती, पण ती टिकली कारण चिकाटीला काम मिळत होते. पगारी कंपन्या, बदलते खेळ, दर आठवड्याला नवी भूमिका, आणि राजधानीच्या निकालापासून स्वतंत्र असे प्रेक्षक. आपल्याकडे १८८० नंतर किर्लोस्करांच्या आणि पुढच्या संगीत मंडळ्यांनी गावोगाव मुक्काम केले तेव्हा नटांच्या कित्येक पिढ्या अशाच प्रयोगांवर प्रयोग करीत घडल्या. आज नाकारल्या गेलेल्या मुलाला आपण धीर देतो, पण त्याने उद्यापासून कुठे शंभर रात्री उभे राहावे याचे उत्तर आपल्यापाशी क्वचितच असते. बाथ नसेल तर नुसता धीर फार काळ पुरत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे जे परत आले नाहीत ते. ड्रुरी लेनच्या हस्तपत्रकांवर 'एक तरुणी, प्रथमच' अशा शब्दांत जाहीर झालेली सारा ही एकटीच नव्हती. अशा बिननावाच्या तरुणी हंगामोहंगाम आल्या आणि त्यांतल्या अनेकींचा पुढे पत्ता लागत नाही. त्या सगळ्याच गुणहीन होत्या असे समजण्याला आधार नाही. कुणाला हेंडरसन भेटला नसेल, कुणाची प्रकृती सावरली नसेल, कुणाला गुरुवारचे रिकामे प्रेक्षागृहसुद्धा मिळाले नसेल. साराच्या नकाराचा इतिहास लिहिला गेला तो तिच्या यशामुळे. त्यांचा नकार हस्तपत्रकातल्या तीन शब्दांपलीकडे कुठेच नोंदलेला नाही.

सारा सिडन्सने २९ जून १८१२ रोजी लेडी मॅक्बेथच्याच भूमिकेत निरोप घेतला. झोपेत चालण्याचा प्रवेश संपल्यावर प्रेक्षकांनी पुढचे नाटक होऊ दिले नाही; पडदा पाडावा लागला. ८ जून १८३१ रोजी ती वारली. एवढ्या दीर्घ कीर्तीनंतरही आठवणी लिहायला बसली तेव्हा ते बर्मिंगहॅमचे पत्र तिला विसरता आले नव्हते, आणि गॅरिकला तिने पुरते माफ केले नव्हते. नकार पचवला म्हणजे तो विसरला असे होत नाही. तो तसाच राहिला, आणि ती काम करीत राहिली.